अपील जरूर ऐका, पण संचालकांनाही आरोपी करा

१. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ 'विंटरबोर्न व्ह्यू' नावाचे बौद्धिक अपंगांसाठीचे खासगी रुग्णालय होते. तिथला छळ मे २०११ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा'ने छुप्या कॅमेऱ्याने टिपून दाखवला. एका तरुण मुलीवर अंगावरच्या कपड्यांसकट गार पाणी सोडले जात होते, आणि सोडणारे तिच्या देखभालीचा पगार घेत होते. ११ कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सहा जण तुरुंगात गेले. सर्वांत मोठी शिक्षा दोन वर्षांची.

२. अशा शिक्षेविरुद्ध कुणी अपील केले की रुग्णाच्या नातेवाइकांना संताप येतो. तो रास्त आहे. तरीही अपिलाचा हक्क राहिलाच पाहिजे, आणि सुनावणी लवकर झाली पाहिजे. तिथे सहा महिन्यांच्या शिक्षेत साधारण निम्म्याहूनही कमी काळ तुरुंगात जातो. निकाल येईपर्यंत माणूस सुटलेला असेल, तर त्या हक्काला अर्थ काय?

३. 'पाळीवर माणसेच कमी होती' हा बचाव मात्र पारखून घ्यावा. रात्री एकाच कर्मचाऱ्यावर पूर्ण मजला टाकलेला, म्हणून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस वेळेवर बदलली गेली नाही, तर शिक्षा कमी व्हावी. हात उगारणाऱ्याला ही सबब मिळू नये. मनुष्यबळाच्या टंचाईने कुणी क्रूर होत नाही.

४. खरा प्रश्न वरच्यांचा आहे. विंटरबोर्न व्ह्यूची कंपनी एका रुग्णामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड घेत होती. तिथल्याच एका ज्येष्ठ परिचारकाने आधी तक्रार केली होती. व्यवस्थापनाने आणि सरकारी नियामकानेही ती वाऱ्यावर सोडली. कंपनीवर खटला झाला नाही. तिथल्या २०१५ च्या कायद्याने जाणूनबुजून हयगय करणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली, कंपनीला मात्र दंड. खालच्यांना तक्रार करणेही सोपे नाही: आज परदेशातून तिथे गेलेल्या, त्यात भारतीयही आले, अनेक कर्मचाऱ्यांचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. तक्रार करायची तर पोटावर पाय येतो.

५. २०१५ च्या त्याच कायद्यातल्या 'काळजी कर्मचारी' या व्याख्येत पर्यवेक्षक, व्यवस्थापक आणि संचालकही बसतात. म्हणून खटल्यात आणि अपिलात पाळ्यांचे तक्ते व तक्रारींच्या नोंदी न्यायालयापुढे याव्यात. माणसे कमी ठेवण्याचा निर्णय कुणी घेतला हे त्यातून दिसत असेल, तर सरकारी वकिलांनी ही व्याख्या वापरून त्या संचालकावरही आरोपपत्र ठेवावे.