जाड हृदयाला तारेची चीर

हृदयाचा स्नायू कारणाविना जाड होण्याचा आजार, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, वाटतो तितका दुर्मीळ नाही. साधारण ५०० माणसांत एकाला तो असतो. अनेकांमध्ये हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा इतका फुगतो की महाधमनीकडे जाणारी रक्ताची वाटच अडते. मग जिना चढताना धाप लागते, छातीत दुखते, भोवळ येते.

गोळ्या पुरेनाशा झाल्या की आजवर दोन मार्ग होते. एक, शस्त्रक्रियेने जादा स्नायू कापून काढणे. दुसरा, पडद्याच्या रक्तवाहिनीत कॅथेटरने थोडे अल्कोहोल सोडून तेवढा भाग निकामी करणे. हा उपाय डॉ. उलरिख सिगवार्ट यांनी १९९४ मध्ये लंडनला सुरू केला. मात्र त्यासाठी रक्तवाहिनी सोयीच्या जागी असावी लागते आणि काहींना पुढे पेसमेकर बसवावा लागतो.

आता 'सेसमी' या तिसऱ्या मार्गाची चर्चा आहे. अमेरिकेत विकसित झालेल्या या पद्धतीचा माणसांवरील पहिला अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जांघेतल्या धमनीतून बारीक तार हृदयात नेऊन पडद्याच्या स्नायूत घालतात आणि विजेच्या साहाय्याने त्याला लांब चीर देतात. स्नायू काढत नाहीत. चीर फाकते आणि वाट मोकळी होते. छाती उघडावी लागत नाही, हृदय थांबवावे लागत नाही.

ऐकायला सोपे वाटते, पण चीर खोल गेली तर पडद्याला भोक पडू शकते. शस्त्रक्रियेमागे साठ वर्षांचा अनुभव आहे, या पद्धतीमागे जेमतेम काही वर्षांचा. म्हणून ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही, अशांसाठीच सध्या तिचा विचार होणे योग्य. शिवाय कोणत्याही मार्गाने अडथळा दूर झाला, तरी आजार जात नाही. हृदयाचे ठोके अचानक बिघडण्याचा धोका वेगळा तपासावाच लागतो.

आपल्याकडे खरी उणीव निदानाची आहे. हा आजार बहुधा आनुवंशिक असतो. दोषी जनुक असलेल्या पालकाच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी. सरकारी रुग्णालयात रोगी येतो तो एकटाच, भावंडे आणि मुले घरीच राहतात. घरात हा आजार असेल किंवा कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर सर्व सख्ख्या नातलगांचा ईसीजी आणि इको करून घ्या. नव्या तारेची वाट पाहण्याआधी हे करता येते.