बाळंतिणीचा दुर्लक्षित आजार

उन्माद आणि विषण्णता या दोन टोकांमध्ये मनाला हेलकावे देणारा 'बायपोलर' हा विकार स्त्री-पुरुषांत जवळपास सारख्याच प्रमाणात आढळतो. परंतु तो भोगण्याची रीत मात्र सारखी नाही. स्त्रियांच्या वाट्याला विषण्णतेचा काळ अधिक येतो. आणि अंथरुणातून न उठणारी सून आजारी न ठरता आळशी ठरते.

खरा धोका असतो तो बाळंतपणात. प्रसूतीनंतरचे पहिले काही आठवडे या रुग्णांना सर्वाधिक घातक असतात. एरवी हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला होणारा तीव्र चित्तभ्रम या स्त्रियांमध्ये साधारणपणे पाचांत एकीला गाठतो. झोप उडते, भलतेसलते संशय येतात, आई आणि अर्भक दोघांच्याही जिवाला धोका संभवतो. घरातील मंडळी मात्र याला 'बाहेरची बाधा' म्हणून अंगारे-धुपारे करीत बसतात.

हे संकट पुष्कळदा टाळता येण्याजोगे असते. पण लग्न जमविताना आजार लपविला जातो, सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात आणि दिवस राहताच त्या एकाएकी बंद होतात. व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपायकारक आहे, हे खरे. म्हणूनच औषधांचा फेरविचार गर्भधारणेपूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावयास हवा. तो चोरून कसा होणार?

लपवाछपवीचे मूळ घटस्फोटाच्या भीतीत आहे. वस्तुतः केवळ आजाराचे नाव घटस्फोटाला पुरेसे नाही, त्याची तीव्रता पाहिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच स्पष्ट केले आहे. मानसिक आरोग्यसेवा संस्थेत दाखल झालेल्या मातेपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडू नये, असे 2017 चा कायदा सांगतो. बंगळुरूच्या 'निम्हान्स'मध्ये तर माय-लेकरांना एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष 2009 मध्येच सुरू झाला. कायदा पुढे गेला, समाज मागे राहिला, असेच म्हणावे लागेल.

सूतिकागृहात नाव नोंदविताना रक्तदाब आणि साखर यांची चौकशी होते. त्याच कागदावर 'पूर्वी मनाचा आजार झाला होता काय?' हा प्रश्न का असू नये? तो एकांतात, आपुलकीने विचारला जावा. आणि खरे उत्तर देणारीला त्याची शिक्षा भोगावी लागू नये. पहिले काम रुग्णालयाचे आहे, दुसरे घराचे.