एक काठ मातीचा राहू द्या

फज्रनंतर पुन्हा न झोपता घराबाहेर पडावे, तर मार्चइतके चांगले दिवस नाहीत. वसई-विरारकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. निर्मळचे तळे असो, सोपाऱ्याचे चक्रेश्वर असो की गावातले एखादे लहान तळे. ऊन चढण्याआधी तासभर काठावर शांत बसले तरी पुरते. मुलांना बरोबर घ्यावे, हाती वही-पेन्सिल द्यावी. दुर्बीण नसली तरी अडत नाही.

हिवाळाभर मातकट दिसणाऱ्या ढोकरीच्या पाठीवर आता किरमिजी पिसे येतात. गायबगळ्याच्या डोक्यावर केशरी रंग चढतो. थंडीत आलेले पिवळे धोबी उत्तरेकडे परतायच्या तयारीत असतात. खंड्या काठाच्या उभ्या मातीत चोचीने बीळ खोदून आत अंडी घालतो. कमळपक्षी लांबलचक बोटांमुळे तरंगत्या पानांवरून आरामात चालतो. पावसाळ्यात त्याची मादी अंडी घालून निघून जाते. अंडी उबवणे, पिल्ले सांभाळणे हे नराचे काम. हे सांगितले की घरोघरचे अब्बा गालात हसतात आणि अम्मी मोठ्याने!

असे जवळचे पाहण्यातूनच मोठे काम उभे राहते. डॉ. सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची घरटी रोज न्याहाळली. नर घरटे अर्धे विणतो, मादीने पसंत केले तरच पुरे करतो आणि मग दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी टिपले. त्यासाठी त्यांना घनदाट जंगल लागले नाही.

पण पाहायला काठ तर उरला पाहिजे. तळे सुशोभित करायचे म्हणजे चारही बाजूंनी काँक्रीटची भिंत, फरशी आणि दिवे, असे आपण धरून चालतो. भिंतीत खंड्याला बीळ खोदता येत नाही. उथळ चिखल गेला की ढोकरीला उभे राहायला जागा नाही. जलपर्णी जरूर काढावी. पण कमळाची पानेही ओरबाडली तर कमळपक्षी अंडी कुठे घालणार?

आपल्याला फिरायला वाट हवी, म्हाताऱ्यांना बसायला बाक हवा, हे खरेच. तीन काठ त्यासाठी घ्यावेत. चौथा मातीचा, गवताचा राहू द्या, असे आपल्या नगरसेवकाला, प्रभाग कार्यालयाला चार घरांनी मिळून लेखी कळवू या. सोबत मुलांच्या वहीतली पक्ष्यांची यादी जोडावी. तिच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही.