पंपाची बॅटरी : घरचा हिशेब आणि घरचा धोका

पाठीवरचा पंप एका हाताने दांडा मारत आणि दुसऱ्या हाताने नळी फिरवत चालवायचे दिवस आता बरेच मागे पडले. आज गावोगाव बॅटरीचा पंप आला आहे. बटन दाबले की मोटर सुरू, हात मोकळा, आणि दिवसाकाठी जास्त टाक्या मारून होतात. स्वतःची जमीन नसलेले आपले किती तरी बांधव असा एक पंप विकत घेऊन दुसऱ्याच्या शेतात टाकीच्या हिशेबाने फवारणी करतात. त्यांच्या दृष्टीने हा पंप म्हणजे हत्यार आहे आणि त्यावर घरची चूल चालते. शहरात राहणाऱ्या वाचकांच्याही गावाकडच्या घरी, भावाकडे, मेहुण्याकडे असा पंप असतोच. म्हणून या वेळी आम्ही या सदरात पंपाच्या पोटातल्या बॅटरीविषयी बोलणार आहोत. कारण पंप बिघडला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा मोटर चांगली असते, टाकी चांगली असते, बॅटरीच मेलेली असते. आणि ती बहुधा वापराने मेलेली नसते, हेळसांडीने मेलेली असते.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. साधारण १६ लिटरच्या पंपाच्या तळाशी १२ व्होल्ट, ८ ॲम्पिअर-तासांची सीलबंद बॅटरी असते. काहींत १२ ॲम्पिअर-तासांची असते. बॅटरीच्या अंगावर हे आकडे छापलेले असतात, ते एकदा वाचून ठेवावेत. आत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचे तीव्र आम्ल असते. हा प्रकार जुनाच आहे. १८५९ साली गॅस्टन प्लान्ते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाची पहिली बॅटरी केली, त्याच जातीची ही धाकटी बहीण. मोटरने दोन ॲम्पिअर वीज ओढली तर ८ भागिले २, म्हणजे कागदावर चार तास चालायला हवी. प्रत्यक्षात तीन-साडेतीन तास मिळाले तरी नवी बॅटरी चांगली समजावी.

बॅटरी चालते तेव्हा शिशाच्या पट्ट्यांवर एक पांढरट क्षार जमत जातो. चार्ज केली की तो पुन्हा विरघळतो. पण उतरलेली बॅटरी तशीच कोपऱ्यात ठेवली तर तो क्षार घट्ट होतो, आणि मग कितीही वेळ चार्जर लावा, तो विरघळत नाही. ही बॅटरी वापरून झिजत नाही, उपाशी ठेवल्याने मरते. बैलाला कामावरून आल्यावर आपण आधी पाणी दाखवतो, मग आपण हातपाय धुतो. बॅटरीचेही तसेच आहे.

आपल्याकडे एक समजूत फार पसरली आहे. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये, नाहीतर ती खराब होते, असे लोक सांगतात. ही गोष्ट जुन्या निकेल-कॅडमियमच्या छोट्या सेलवरून आलेली आहे. शिशाच्या बॅटरीला ती लागू नाही, उलट येथे नेमके विरुद्ध खरे आहे. आमचा धंदा कारकुनीचा, म्हणून हे हिशेबाने सांगतो. अशी बॅटरी दर वेळी पूर्ण उतरवली तर साधारण दोनशे-अडीचशे वेळा चार्ज होऊन ती थकते. निम्मीच उतरवून पुन्हा भरली तर चारशे-पाचशे वेळा चालते. निम्मी उतरवण्याच्या दोन खेपा म्हणजे पूर्ण उतरवण्याची एक खेप, तेव्हा काम सारखेच झाले, नफा कोठे, असे कोणी विचारील. नफा असा, की पूर्ण उतरवताना बहुधा ती हद्दीपलीकडे उतरते आणि एका दिवसात महिन्याचे आयुष्य खाऊन जाते. समजा बॅटरी बाराशे रुपयांना आली आणि तिने दोनशे दिवस काम दिले, तर दिवसाला सहा रुपये पडले. तीच बॅटरी साठ दिवसांत मेली, तर दिवसाला वीस रुपये पडले. वरचे चौदा रुपये मजुराच्या खिशातूनच गेले.

म्हणून पहिला नियम हा, की फवारा मंद पडू लागला, मोटरचा आवाज बसला, की थांबावे. आणखी एक टाकी ओढून काढू असे म्हणू नये. पंपावर व्होल्टचा आकडा दिसत असेल तर मोटर चालू असताना तो साडेदहापर्यंत खाली जाऊ देऊ नये. दुसरा नियम, काम अर्धा तास केलेले असो की दिवसभर, त्याच संध्याकाळी बॅटरी चार्जला लावावी. फक्त ती उन्हात तापलेली असेल तर तासभर सावलीत निवू द्यावी. शेतातही पंप बांधावर उन्हात न ठेवता झाडाखाली ठेवावा. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते.

चार्जर पंपाबरोबर आलेलाच वापरावा. ट्रॅक्टरच्या किंवा मोटारीच्या बॅटरीचा मोठा चार्जर लावला की लवकर भरते, असे सांगणारे भेटतात. एवढीशी बॅटरी दोन-सव्वादोन ॲम्पिअरच्या वर प्रवाह सोसत नाही. ती तापते, फुगते, आतून वायू सुटतो. हा वायू हायड्रोजन असतो, आणि कोंडलेल्या जागी ठिणगी मिळाली तर त्याचा भडका होतो. चार्जिंगला किती वेळ लागेल हेही काढता येते. रिकाम्या बॅटरीचे ॲम्पिअर-तास भागिले चार्जरवर लिहिलेले ॲम्पिअर, अधिक एक-दोन तास. ८ ची बॅटरी आणि दीड ॲम्पिअरचा चार्जर असेल तर सहा-सात तासांत ती भरते. चांगल्या चार्जरचा लाल दिवा भरल्यावर हिरवा होतो आणि प्रवाह आपोआप कमी होतो. असा दिवा नसलेला स्वस्त चार्जर असेल तर घड्याळ पाहून काढून घ्यावा, रात्रभर लावून झोपू नये.

आता घरातल्या धोक्याकडे वळतो. भगिनींनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण घरात काय कोठे ठेवायचे हे बहुतेक घरांत त्यांच्याच हाती असते.

हातपंपाला विजेची गरज नव्हती. तो गोठ्यात किंवा परसात पडून राहायचा. बॅटरीच्या पंपाला मात्र प्लग लागतो, आणि प्लग घरात असतो. म्हणून दिवसभर विष मारून आलेला पंप संध्याकाळी सरळ घरात येतो. एका खोलीच्या घरात तो पाण्याच्या माठाजवळ, भाकरीच्या टोपलीजवळ, मुलांच्या अंथरुणाशेजारी रात्रभर चार्ज होत राहतो. बॅटरीने कष्ट वाचवले, पण बॅटरीच्याच पायाने विष उंबऱ्याच्या आत आले. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो लोकांना दवाखान्यात भरती व्हावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. जे विष मोकळ्या रानात धडधाकट माणसाला आडवे करते, त्याचे शिंतोडे रांगत्या मुलाच्या हाताला लागू द्यायचे काय, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

यावर उपाय खर्चाचा नाही, शिस्तीचा आहे. औषध उरणार नाही एवढेच कालवावे. काम संपल्यावर टाकी शेतातच तीन वेळा स्वच्छ पाण्याने खळबळावी आणि तेच पाणी नळीतून त्याच पिकावर मारून टाकावे. ओढ्यात, विहिरीजवळ, हातपंपाच्या धक्क्यावर पंप धुऊ नये. नोझल तुंबले तर जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करावे, तोंडाने फुंकू नये. पंप बाहेरून ओल्या फडक्याने पुसावा, पण तळाच्या बॅटरीच्या खणावर पाण्याची धार सोडू नये. चार्जिंगचे भोक कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे, तेथे ओल राहिली की गंज चढतो आणि ठिणगी पडते. मग साबणाने हात धुऊन, कोरडे करून, पंपाचे बटन बंद आहे हे पाहून चार्जर लावावा.

चार्जिंगची जागा ओसरीवर किंवा पडवीत असावी. वर पत्रा गळत नसावा, खाली ओल नसावी, आजूबाजूला गोधड्या, कापूस, सरपण, रॉकेल नसावे. चूल आणि गॅस तर लांबच हवा. चार्जरवर कापड टाकू नये. बॅटरी पंपातून सहज निघत असेल तर पंप बाहेर ठेवून फक्त बॅटरी पुसून आत आणणे सर्वांत बरे. सैल झालेला प्लग, चिकटपट्टी लावलेली वायर, आकड्यावरून आलेली वीज, यांवर चार्जर लावणे म्हणजे घर गहाण टाकणे आहे. आणि पंप धुतलेला असला तरी तो मुलांचे खेळणे नव्हे, हे घरात स्पष्ट सांगून ठेवावे.

हंगाम संपला की खरी परीक्षा सुरू होते. दिवाळीनंतर माळ्यावर टाकलेला पंप लोक थेट पुढच्या आषाढात काढतात आणि बॅटरी मेली म्हणून दुकानदाराला शिव्या देतात. ठेवलेली बॅटरीही आपोआप थोडी थोडी उतरत असते. थंड जागी महिन्याला शंभरातले तीन भाग, तर तापलेल्या पत्र्याखाली त्याहून बरेच जास्त. म्हणून ठेवताना पूर्ण भरून ठेवावी, शक्य असेल तर एक वायर सोडून त्यावर चिकटपट्टी लावावी, आणि दर दोन महिन्यांनी, उन्हाळ्यात दर महिन्याला, एकदा चार्ज करावी. बाजारात साधा मल्टिमीटर थोडक्या पैशांत मिळतो. चार्जर काढून काही तासांनी मोजल्यावर आकडा १२.७ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी, आणि १२ च्या खाली असेल तर लगेच चार्जर लावावा. वस्तीतल्या दहा घरांनी मिळून एक मीटर घेतला तरी पुरतो. आठवी-नववीत शिकणाऱ्या मुलीला तो वापरायला शिकवावे आणि एक वही घालून द्यावी. तारीख, चार्जिंगचे तास, किती टाक्या मारल्या, एवढेच तीन रकाने. पूर्वी एका चार्जमध्ये होणाऱ्या टाक्या निम्म्यावर आल्या की नवी बॅटरी घ्यायची वेळ झाली, हे वहीच सांगेल. ऐन हंगामात भर दुपारी मजुरी बुडण्यापेक्षा हे आधी कळलेले बरे.

नवी घेताना व्होल्टचा आकडा तोच असावा, बॅटरी खणात नीट बसावी, आणि तिच्यावरची तयार झाल्याची तारीख पाहावी. वर्षभर दुकानात पडलेली बॅटरी नवी नसते. बसवताना लाल वायर लाल टोकाला, काळी काळ्याला. पेचकस एकाच वेळी दोन्ही टोकांना लागता कामा नये, नाहीतर मोठी ठिणगी उडून हात भाजतो. फ्यूज जळाला तर तेवढ्याच ॲम्पिअरचा घालावा, तांब्याची तार गुंडाळू नये.

काही नव्या पंपांत, तसेच नगरपालिकेच्या बागांमध्ये कंत्राटी कामगारांच्या हाती दिसणाऱ्या बॅटरीच्या गवत कापायच्या यंत्रांत, लिथियमची बॅटरी असते. ती वजनाने हलकी आणि टिकाऊ असते, पण तिचे नियम वेगळे आहेत. तिला शिशाच्या बॅटरीचा चार्जर कधीही लावू नये. ठेवताना पूर्ण न भरता साधारण निम्मी भरून ठेवावी. पडली, चेपली, फुगली, गोडसर वास येऊ लागला किंवा आतून फुसफुस ऐकू आली, तर ती बॅटरी संपली असे समजून घराबाहेर मोकळ्यावर ठेवावी, चार्ज करून पाहू नये. तिने पेट घेतलाच तर आधी मेन स्विच बंद करावा, घरातल्या माणसांना बाहेर काढावे, धूर नाकात जाऊ देऊ नये आणि १०१ ला फोन करावा. दुरून भरपूर पाणी मारता आले तरच मारावे.

शेवटी जुन्या बॅटरीविषयी. ती फोडून शिसे काढण्याचा उद्योग कोणी करू नये, मुलांना तर करूच देऊ नये. शिसे मुलांच्या मेंदूवर आघात करते आणि एकदा झालेले नुकसान भरून येत नाही. आतले आम्ल अंगावर किंवा डोळ्यात गेले तर पंधरा-वीस मिनिटे सतत स्वच्छ पाण्याने धुवावे आणि डोळ्यासाठी ताबडतोब दवाखाना गाठावा. हळद, चुना असले प्रयोग करू नयेत. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये, ती दुकानदाराला परत देऊन तिचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वळते करून घ्यावेत. शिशाला मोल असते, ते मागायला लाजू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी तयार करणाऱ्यांवर टाकली आहे, आणि इतर कचऱ्यात न मिसळता त्या वेगळ्या देण्याचे काम आपल्यावर.

वाचक बंधू-भगिनींनो, यंत्राने कष्ट हलके होतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण यंत्र घेतले की त्याची शिस्तही घ्यावी लागते. या रविवारी गावाकडे फोन कराल तेव्हा एवढेच विचारा, की पंप रात्री कोठे चार्ज होतो? उत्तर ‘घरात, मुलांजवळ’ असे आले, तर वरची जागा बदलण्याची गोष्ट त्यांना आजच सांगा. बाकीचा हिशेब वही घालून नंतर शिकवता येईल.