दूध तुटलेल्या पिलांची हगवण

आईचे दूध तोडल्यावर आठवडाभरात डुकराची पिले हगवणीने मरू लागली, की वराहपालक जंतूला दोष देऊन औषधाची बाटली आणावयास धावतो. जंतू असतो हे खरेच. परंतु त्यास वाढावयास वाव कोणी दिला, याचा विचार क्वचितच होतो.

ई. कोलाय हा जंतू निरोगी डुकराच्या आतड्यातही वास करीत असतो. त्याचे काही मोजकेच प्रकार उपद्रवी आहेत. ते अंगावरील अतिसूक्ष्म तंतूंच्या साहाय्याने लहान आतड्याच्या अस्तरास चिकटतात. पिलू पीत असते तोवर दुधातील रोगप्रतिबंधक द्रव्ये त्यांना सहसा चिकटू देत नाहीत. दूध तुटले की हे संरक्षण संपते. भांबावलेले पिलू एखादा दिवस काहीच खात नाही आणि मग भुकेने नव्या खाद्यावर तुटून पडते. उपासाने आतड्यातील अंकुर आखूड झालेले, जठरातील आम्ल अपुरे. अशा वेळी न पचलेले प्रथिन पुढे सरकते व जंतूंचे फावते. त्यांचे विष आतड्याची फारशी नासाडी करीत नाही. शरीरातील पाणी व क्षार मात्र आतड्यात ओढून घेते. पिलू मरते ते बहुधा शरीरातील पाणी आटल्यामुळे. एखादे तर हगवण दिसण्यापूर्वीच दगावते.

म्हणून आजारी पिलास प्रथम साखर-मिठाचे पाणी पाजावे व पशुवैद्यास बोलवावे. मनाने प्रतिजैविके देणे घातक होय. कॉलिस्टिनला न जुमानण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, हे २०१५ साली चीनमधील डुकरांच्या ई. कोलाय जंतूंत आढळले. माणसाच्या गंभीर आजारात हे अखेरच्या औषधांपैकी एक असल्याने भारत सरकारने २०१९ च्या जुलैमध्ये खाद्योपयोगी जनावरांसाठी त्याच्या विक्रीस बंदी केली.

स्वीडनने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळणे १९८६ मध्ये बंद केले, तेव्हा हीच हगवण तेथे आरंभी वाढली होती. पुढे खाद्य, निवारा व दूध तोडण्याचे वय यांत सुधारणा करून ती आटोक्यात आणावी लागली. आपल्याकडे मोठ्या फार्मचे पाहून तीन-चार आठवड्यांत दूध तोडण्याची हौस बळावली आहे. साध्या वराहगृहात ती परवडत नाही. तेथे सहा ते आठ आठवडेच बरे. दूध तोडण्याआधीपासून पिलांना खाद्याची चव लावावी, नंतरही ते दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे घालावे व निरनिराळ्या वेतांची पिले एकत्र कोंडू नयेत. ग्रामसेवकाने भेटीच्या वेळी पिलांच्या बसण्याची जागा हाताने चाचपून पाहावी; ती ओली व गार लागल्यास त्याच दिवशी कोरडे गवत पसरावयास लावावे.