एकच भाग पुनः पुनः कां बिघडतो?

व्याकरण शिकविण्यांत ज्यांचा जन्म गेला, त्यांनीं लेझर प्रिंटरविषयीं काय लिहावें, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु न्हावा-शेव्याचें बंदर १९८९ सालीं सुरू झाल्यापासून आमच्या उरण तालुक्यांत मालाच्या कागदपत्रांचें काम वाढलें, आणि पुष्कळ घरांतील मुलें-सुना आज अशा यंत्रापुढें बसतात. यंत्र अडलें कीं त्यांचा दिवस अडतो.

या यंत्रांत ओली शाई नसते. टोनर म्हणजे प्लॅस्टिकचा अंश असलेली अत्यंत बारीक भुकटी. ड्रम नांवाच्या नळकांड्यावर विजेचा भार दिलेला असतो. लेझरचा किरण पडेल तेथील भार बदलतो व भुकटी तेथें चिकटते. ती कागदावर उतरली कीं फ्यूजर तिला सुमारें २०० अंश उष्णतेनें वितळवून पक्की बसवितो. (कोरड्या छपाईची ही मूळ युक्ति चेस्टर कार्लसन यांनीं न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागांत २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं साधली, तींत लेझर आणला तो गॅरी स्टार्कवेदर यांनीं.) लहान यंत्रांत फ्यूजरवर एक पातळ वेष्टण असतें, त्याला दुरुस्तीवाले टेफ्लॉन म्हणतात. त्याच्या खालीं रबरी प्रेशर रोलर असतो, व दोहोंच्या दाबांतून कागद बाहेर येतो.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या कार्यालयांत चार महिन्यांत तीन टेफ्लॉनें फाटलीं. दर वेळीं कारागीर येई, नवें घाली, पैसे घेऊन जाई. ताप उतरतांच वैद्यास निरोप देण्यासारखाच हा प्रकार! तिसऱ्या खेपेस गृहस्थांनीं सारा दोष यंत्र चालविणाऱ्या मुलावर ठेवला. तो अडकलेला कागद हिसकून ओढतो, म्हणून टेफ्लॉन फाटतें, असें त्यांचें म्हणणें. खर्च पगारांतून कापावयाचा कीं मुलाला कामावरूनच काढावयाचें, एवढाच विचार बाकी राहिला होता. त्या पगारावर घरचीं चार माणसें जेवतात.

आपल्या न्यायशास्त्रांत अन्वय-व्यतिरेक म्हणून एक कसोटी आहे: कारण असेल तेथें कार्य दिसावें, कारण नसेल तेथें दिसूं नये. आम्हीं प्रथम हजेरीपत्रक मागितलें. तिसरें टेफ्लॉन फाटलें त्या आठवड्यांत मुलगा गणपतीसाठीं गांवीं गेलेला! मग तिन्ही फाटकीं टेफ्लॉनें मेजावर शेजारीं शेजारीं मांडलीं. तिहींवरही चीर एकाच जागीं, डाव्या कडेपासून दोन बोटांवर. मनुष्याचा हिसका इतका नेमका नसतो. कारागिराकडून रोलर काढविला, तों त्याच जागीं रबरांत स्टेपलच्या पिनेचा तुकडा रुतलेला, टोंक जेमतेम वर आलेलें. टेफ्लॉन तीनदां नवें आलें, पण खालचा रोलर जुनाच होता.

पीन आली कोठून? जुन्या फायलींतील पाठकोरे कागद यंत्रांत घालावे, ही आज्ञा खुद्द गृहस्थांचीच होती. काटकसर आम्हांसही प्रिय आहे. आमचा दुधाचा हिशेब पाठकोऱ्यावरच चालतो. पण तो हातानें लिहावयाचा. गृहस्थ बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नंतर त्यांनीं रोलर व टेफ्लॉन दोन्ही एकदम बदलून घेतलीं, आणि मुलगा कामावर राहिला.

पानावर एकच डाग समान अंतरानें उमटत असेल, तर पट्टीनें तें अंतर मोजावें. २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा परीघ सुमारें ७५ मिलिमीटर भरतो. डागांतील अंतरही तेवढेंच असेल तर संशय ड्रमचा घ्यावा, उगाच फ्यूजर बदलूं नये. शाळेंतील परिघाचें सूत्र असें उपयोगीं पडतें. फ्यूजर तापतांना यंत्र एकदम पुष्कळ वीज ओढतें, म्हणून तें लहान इन्व्हर्टरवर चालवूं नये. पावसाळ्यांत आमच्याकडील दमट खाऱ्या हवेंत कागदाचें रीम उघडें राहिलें तर कागद ओलावा धरतो. मग तो भुकटी नीट घेत नाहीं, फ्यूजरमध्यें सुरकुततो आणि अडकतो. तसा अडकल्यास वीज बंद करावी, फ्यूजर निवूं द्यावा, आणि कागद चालण्याच्याच दिशेनें दोन्ही हातांनीं सावकाश ओढून घ्यावा. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर आंत घालूं नये.