ज्याला एक मालक नाही, त्याची संघटना

कटिशूलाने पीडित हमालास आपण विश्रांती सांगतो. परंतु विश्रांती म्हणजे बुडालेली मजुरी, हे विसरतो. अनेक व्यापाऱ्यांचे ओझे वाहणाऱ्यास एक मालक नसतो. मग त्याचा भविष्यनिर्वाह निधी कोणी भरावा? आयुर्वेदाचे चिकित्सक असलेल्या डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभारली, ती याच जाणिवेतून. हमालांच्या लढ्यांतून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने उत्तर दिले : व्यापाऱ्यांनी मजुरी व लेव्ही मंडळाकडे भरावी. आज घरपोच माल पोहोचविणारा तरुण ‘भागीदार’ म्हणविला जातो. त्याचेही दुखणे तेच. निदानपरिवर्जन ही प्रथम चिकित्सा मानणाऱ्या वैद्यबंधूंनी अशा संघटनांच्या पाठीशी उभे राहावे, ही नम्र विनंती.